बर्फावरची वस्ताद

गेल्या महिन्यात काही कामाने दौंडला जाणे झाले. काम उरकल्यावर चळवळीतल्या एका जुन्या सहकाऱ्यांच्या घरी चहाला थांबलो. गृहस्थ रेल्वेत गँगमन आहेत. नव्या भाषेत त्यांना ट्रॅक मेंटेनर म्हणतात, पण हातोडा तोच आणि ऊनही तेच. घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी सावित्रीबाई आणि त्याखाली वर्तमानपत्रातून कापून चिकटवलेला एका हसऱ्या तरुणीचा फोटो. आम्ही विचारले, ही कोण? बारावीत शिकणारी त्यांची मुलगी म्हणाली, "सविता मॅडम." असे म्हणाली की जणू तिच्या शाळेतल्याच बाई. प्रत्यक्षात या मुलीने सविता कंसवाल यांना कधी पाहिले नाही. दौंडपासून उत्तरकाशी दीड हजार किलोमीटरहून दूर आहे आणि या मुलीने बर्फ पाहिला तो फक्त उसाच्या रसाच्या गाड्यावर.

मुलगी एनसीसीत आहे. तिला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत २८ दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम करायचा आहे. अर्जाचे कागद तिने जमवलेत. वैद्यकीय दाखला झाला. हमीपत्र तेवढे राहिले आहे. त्यात लिहिलेले असते की, या प्रशिक्षणात जिवाला धोका आहे याची आम्हास जाणीव आहे. त्याखाली पालकाची सही लागते. वडिलांनी तो कागद दोनदा वाचला आणि टेबलावर उलटा ठेवून दिला. आम्हाला म्हणाले, "सर, ती शिकवणारीच गेली ना बर्फाखाली? शिकवणारीला जे टाळता आलं नाही ते माझ्या पोरीला टाळता येईल का?"

आम्ही चहा संपवला. उत्तर दिले नाही, कारण त्या क्षणी आमच्याकडे ते नव्हते. व्यासपीठावरून "मुलींनी शिखरे सर करावीत" असे म्हणणे सोपे असते. पण ज्या बापाची एकुलती मुलगी जाणार आहे त्याच्यासमोर ते वाक्य टिकत नाही. शिरूरला परतताना सगळा रस्ता तो प्रश्न डोक्यात होता. म्हणून हा लेख.

आमच्या बऱ्याच वाचकांना सविता कंसवाल हे नाव ठाऊक नसेल. उत्तराखंडात उत्तरकाशी जिल्ह्यात भटवाडी तालुक्यात लोंथरू नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या साध्या कुटुंबातली ही मुलगी, चार बहिणींत सर्वात धाकटी. चार मुलीच झाल्या म्हणून आईबापाला काय काय ऐकावे लागते हे पहाडात आणि आपल्या भीमथडीत फारसे वेगळे नसावे. घरची परिस्थिती बेताची. गिर्यारोहणाच्या अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्याइतके पैसे घरात नव्हते. सविताने ते नोकऱ्या करून जमवले. प्राथमिक झाला, मग प्रगत, मग शोध व बचावाचा आणि मग शिकवण्याचा अभ्यासक्रम. प्रत्येक पायरीला शुल्क आणि प्रत्येक पायरीला परीक्षा. प्राथमिक अभ्यासक्रमात 'अ' श्रेणी मिळाल्याशिवाय प्रगतला प्रवेश मिळत नाही, हे इथे मुद्दाम सांगतो. कारण बर्फावर जाणे ही श्रीमंतांच्या पोरांची सहल आहे असा आपल्याकडे समज आहे. गुलमर्ग-औलीला जाऊन पायाला फळ्या बांधून घसरणे आणि फोटो काढून परत येणे ही सहल खरीच आहे, तिला नावे ठेवण्याचे आम्हाला कारण नाही. पण त्या घसरणाऱ्याला उभे राहायला शिकवणारा माणूस कोण असतो, तो कुठल्या घरातून आलेला असतो, हे कधी विचारून पाहावे. बहुतेकदा तो त्याच पहाडातल्या शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी असते.

२०२१ साली सविता ८,५१६ मीटर उंचीच्या ल्होत्सेवर पोहोचली. पुढच्या वर्षी, २०२२ च्या मे महिन्यात, १२ तारखेला तिने एव्हरेस्ट सर केले आणि २८ तारखेला मकालू. मकालू हे जगातले पाचव्या क्रमांकाचे शिखर. सोळा दिवसांच्या अंतराने ही दोन्ही शिखरे चढणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. सत्कार झाले, हार पडले, छायाचित्रे छापून आली. आपल्याकडे एवढे झाले की माणूस पुढची पाच वर्षे फक्त सत्कारच घेत फिरतो. चळवळीतलेही काही असे आम्ही पाहिले आहेत, ते असो.

सविता मात्र शिकवायला परत गेली. एव्हरेस्टनंतर पाच महिनेही झाले नव्हते आणि ती नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाच्या तुकडीबरोबर प्रशिक्षक म्हणून 'द्रौपदी का डांडा-२' या शिखरावर होती. उंची ५,६७० मीटर. जिने नुकतेच ८,८४८ मीटर पाहिले तिच्यासाठी हे शिखर म्हणजे वर्गातला फळा. तेच शिखर, तीच वाट, फक्त पोरे नवी. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी सकाळी शिखराच्या वाटेवर हिमस्खलन झाले. तुकडी वाहून बर्फाच्या भेगेत गेली. प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक मिळून २९ जण गेले. सुरुवातीला जे मृतदेह हाती लागले त्यांत सविताचा होता आणि तिच्या सहकारी प्रशिक्षक नौमी रावत यांचाही होता. नौमी त्याच जिल्ह्यातल्या भुक्की गावच्या. सविताने वयाची तिशीही गाठली नव्हती.

पुढे २०२२ सालचा तेनझिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कार तिला मरणोत्तर जाहीर झाला. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तो तिच्या वडिलांनी घेतला. चार मुलींचा बाप राष्ट्रपती भवनात उभा, आणि ज्या मुलीमुळे उभा ती नाही. या प्रसंगावर काही लिहावे असे आम्हाला वाटत नाही.

आता त्या गँगमन मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. शिकवणारीच गेली, मग शिकण्यात काय अर्थ?

हिमस्खलन म्हणजे काय हे आम्ही जाणकारांकडून समजून घेतले. जुना बर्फ ऊन-थंडीने घट्ट झालेला असतो. त्यावर नवा बर्फ पडतो. दोन्ही थर नीट चिकटत नाहीत. साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हा वरचा थर एखाद्या भाराने, कधी नुसत्या माणसाच्या पावलाने, अख्खा सुटतो. पावसाळ्यात मुरमाच्या उतारावरची माती एकदम खाली येते, तसे समजा. फरक एवढाच की खाली आलेला बर्फ काही क्षणांत सिमेंटसारखा आवळून बसतो. आतल्या माणसाला मिनिटांतच बाहेर काढले तर तो वाचतो. कोणता उतार केव्हा धोक्याचा, याचे अंदाज देण्याचे शास्त्र आहे. चंदीगडची संरक्षण संशोधन संस्था तसे इशारे देत असते. तरीही कोणता थर कोणत्या क्षणी सुटेल हे पृथ्वीवरचा कोणताही वस्ताद छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून आम्ही त्या बापाला "काही होणार नाही, पाठवा बिनधास्त" असे सांगणार नाही. ते खोटे होईल. आणि ज्या सरकारी संस्थेच्या एका तुकडीत २९ माणसे जातात त्या संस्थेला प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. तुकडी किती मोठी असावी, वाट कोणी ठरवली, इशारा कोणी वाचला, ही उत्तरे मेलेल्यांच्या घरच्यांना मागायची वेळ येऊ नये. ती आपणहून दिली गेली पाहिजेत. सविताच्या मृत्यूला 'पहाडाने आपली लेक परत घेतली' असली गोड झालर लावणारे लेख आम्ही वाचले. ते आम्हाला पटले नाहीत. पहाड काही घेत नाही. माणसे कामावर होती आणि कामावर मेली.

कामावर मेली, हा शब्द आम्ही जाणून वापरतो. आपल्या समाजाला तो नीट कळतो.

आमचे गँगमन मित्र रुळावर काम करतात. मागून गाडी येऊन सहकारी गेल्याचे त्यांनी स्वतः पाहिले आहे. त्यांच्या नोकरीच्या वेळी कुणी हमीपत्र लिहून घेतले नव्हते, पण धोका होताच. गटारात उतरून माणसे मरतात ती कुठल्या समाजाची, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. हाताने मैला उचलण्याविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मेलेल्यांच्या वारसांना १० लाख द्या असा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढली, मरणे थांबली नाहीत. त्या माणसाच्या कमरेला दोर नसतो. असला तर वर धरणाऱ्याला दोर कसा धरायचा हे शिकवलेले नसते. आत कोणता वायू आहे हे तपासायचे यंत्र नसते. म्हणजे जिवावरचे काम आपल्याला नवे नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेच आपल्या वाट्याला आले. नवे आहे ते एवढेच, की जिवावरचे काम रीतसर शिकून, पोशाख-दोर-साधने घेऊन, नावाची पाटी लावून करता येते. सविता हेच शिकवत होती.

ती काय शिकवत होती ते थोडे सविस्तर सांगतो, कारण शिखराच्या बातमीत हा भाग कधी येत नाही. बुटाखाली लोखंडी काटे बांधायचे, त्यांना क्रॅम्पॉन म्हणतात. ते बांधून सरळ चालायलाही दोन दिवस लागतात. नवा माणूस स्वतःचाच पायजमा फाडून घेतो. हातात आइस अ‍ॅक्स. पाय घसरला की पडतापडता पोटावर वळायचे, अ‍ॅक्सचे टोक छातीखाली धरून बर्फात रुतवायचे आणि सारा भार त्यावर टाकायचा. हे प्रशिक्षक पन्नास वेळा करून घेतो. पालथे पडून, उताणे पडून, डोके खाली करून. प्रत्येक वेळी खाली थांबून. मग दोर. एका दोराला तिघे-चौघे. एक घसरला तर बाकीच्यांनी क्षणात बसकण मारून त्याला पेलायचे. गाठ कशी मारायची, ती दुसऱ्याने कशी तपासायची. स्वतःची गाठ दुसऱ्याला दाखवल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, हा तिथला नियम. ताज्या बर्फाच्या चढावर सर्वांत पुढचा माणूस बुटाच्या टोकाने बर्फात लाथ मारून पायरी करतो. मागचे सगळे त्याच पायरीत पाय ठेवतात. पुढच्याची दमछाक मागच्यांच्या तिप्पट होते. बहुतेक वेळा ती पुढची व्यक्ती प्रशिक्षक असते.

लष्करात आणि पोलिसात कवायत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. आपल्या मराठीत त्याचाच वस्ताद झाला. पुण्याच्या तालमीत लहुजी वस्ताद साळवे दांडपट्टा शिकवत, जोतिराव फुल्यांनी तिथे धडे घेतले, हे आपण दर जयंतीला सांगतो. पण लहुजींना आपण 'वस्ताद' म्हणतो म्हणजे काय म्हणतो, याचा विचार करत नाही. ते स्वतः किती बलवान होते हे त्या शब्दात नाही. त्यांनी किती जणांना उभे केले हे त्या शब्दात आहे. एकलव्याची गोष्टही आपल्याला पाठ आहे. तिथला गुरू शिकवत नाहीच, वर अंगठा मागतो. हा शिष्याची गाठ दहादा तपासणारा गुरू वेगळा. तो आपल्या मुलांना फार क्वचित भेटतो.

दौंड हे तर वस्तादांचेच गाव म्हटले पाहिजे. राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ इथे आहेत, शेजारी नानवीजला बलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. पहाटे साडेचार-पाचला दौंड काय किंवा शिरूर काय, बाहेरच्या रस्त्यावर पोरेपोरी धावताना दिसतात. कुणी १६०० मीटरची वेळ लावते, कुणी राखीव बलासाठी ५ किलोमीटर. सोबत शिट्टी घेतलेला एखादा तरुण असतो. तो स्वतः दोनदा-तीनदा भरतीत गुणांनी राहिलेला, वय निघून गेलेला, आता दुसऱ्यांना पळवणारा. त्याला मानधन किती? पोरांनी जमेल तेवढे द्यायचे. त्याला विमा? नाही. पळता पळता पोरगा कोसळला तर काय करायचे याचे प्रशिक्षण? तेही नाही. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत धावताना तरुण उमेदवार कोसळून मेले, तेव्हा चार दिवस चर्चा झाली. उन्हात, उपाशीपोटी, रात्र फलाटावर काढून पळालेली ही पोरे होती. त्यांना पाणी केव्हा प्यायचे, छातीत कळ आली तर थांबायचे, एवढे सांगणारा कुणी त्यांच्या आयुष्यात आला होता का, हे कुणी विचारले नाही.

आपले काही जाणते कार्यकर्ते आम्हाला म्हणतात, "अहो, पोरांना नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्ती वेळेवर नाही, आणि तुम्ही कुठे हिमालय घेऊन बसलात?" प्रश्न चुकीचा नाही. पण उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. शिरूरच्या शेजारचा तालुका आंबेगाव. ३० जुलै २०१४ ला तिथे माळीण गाव डोंगराखाली गेले, दीडशेवर माणसे गाडली गेली, बहुतेक आदिवासी. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडी गेली. तीही ठाकरांची वाडी. तिथे गाडीरस्ता नव्हता, यंत्र चढत नव्हते. चिखलातून चढून जे पहिले मदतीला पोहोचले त्यांत गिर्यारोहकांच्या तुकड्या होत्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आपल्याच जिल्ह्यात, सुदुंबऱ्याला आहे. अशा वेळी दोर लावता येणारी, रात्री डोंगर चढता येणारी, जखमीला पाठीवर बांधून उतरवता येणारी माणसे लागतात. ज्यांची घरे डोंगराखाली आणि नाल्याकाठी आहेत त्यांच्याच पोरांना हे येऊ नये काय? सविताने केलेला शोध व बचावाचा अभ्यासक्रम हा याच कामाचा आहे. हा छंद नव्हे. ही विद्या आहे आणि हिच्यात नोकरीही आहे.

आणि हिमालय आपला नव्हे, असे तरी कोण म्हणते? ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री याच शिरूरच्या छावणीतून पलटण निघाली आणि रात्रभर चालून सकाळी कोरेगावच्या भीमेकाठी उभी राहिली, तो इतिहास वाचकांना नव्याने सांगायला नको. चालण्याची ताकद होती. पुढे १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली आणि ती ताकद गावकीच्या बेगारीत गेली. सांगायचा मुद्दा असा की कुठल्या उंचीवर कोण जाईल हे पायांतल्या बळावर कमी आणि दार कुणाला उघडे आहे यावर जास्त ठरते.

एव्हरेस्टचेच पाहा. २९ मे १९५३ ला तेनझिंग वर पोहोचला. याक राखणाऱ्याचा मुलगा, साहेबांची ओझी वाहून पुढे आलेला, अक्षरओळख नसलेला. १९५४ साली दार्जिलिंगला हिमालयन गिर्यारोहण संस्था निघाली तेव्हा तिथला क्षेत्र-प्रशिक्षणाचा पहिला संचालक तोच झाला. हमाल शिक्षक झाला, आणि साहेबांची पोरे त्याच्यापुढे शिकायला बसली. आम्हाला शिखरापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. पण सगळ्याच शेर्पांचे नशीब तेनझिंगचे नव्हते. १८ एप्रिल २०१४ ला एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळला आणि दुसऱ्यांची वाट तयार करणारे १६ कामगार गेले. नेपाळ सरकारने अंत्यविधीसाठी प्रत्येकी ४० हजार नेपाळी रुपये जाहीर केले. शेर्पांनी ती रक्कम अपमान मानली, काम थांबवले आणि त्या वर्षी नेपाळच्या बाजूची चढाई जवळपास बंद पडली. संप म्हणजे काय, हे जगाच्या माथ्यावर दाखवून दिले त्यांनी.

त्याच हंगामात, तिबेटच्या बाजूने, २५ मे २०१४ ला दोन मुले शिखरावर पोहोचली. मालावत पूर्णा, निजामाबादकडच्या पाकाला गावची आदिवासी मुलगी, चौदा वर्षेही पुरी नव्हती. आणि आनंद कुमार, खम्ममकडचा दलित मुलगा, वडील सायकल दुरुस्त करणारे. दोघेही समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. त्यांनी वर नेलेल्या वस्तूंत तिरंग्याबरोबर बाबासाहेबांचा फोटो होता. ही बातमी आली तेव्हा आपल्या वस्त्यांत पेढे वाटले गेले. पण त्या मुलांना भोंगीरच्या खडकावर पहिला दोर बांधणारे प्रशिक्षक बी. शेखर बाबू यांचे नाव कितीजणांना आठवते? निवासी शाळांचे सचिव आर. एस. प्रवीण कुमार यांनी अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून दार उघडले, शेखर बाबूंनी त्या दारातून पोरांना हाताला धरून नेले. २०१८ साली महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाने 'मिशन शौर्य' राबवले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी त्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोहोचले. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे, विकास सोयाम. ही नावे पाठ करायला हरकत नाही.

म्हणजे जिथे सरकारने ठरवले तिथे झाले. आश्रमशाळेच्या पोराला बर्फ परका राहिला नाही. मग अनुसूचित जातीच्या मुलांचे काय? 'बार्टी' पुण्यातच आहे. पोलीस व सैन्यभरतीपूर्व प्रशिक्षण ती देते, स्पर्धा परीक्षांसाठी मुले दिल्लीला पाठवते. या यादीत गिर्यारोहण, शोध व बचाव आणि प्रशिक्षकाचे अभ्यासक्रम का नसावेत? उत्तरकाशी, दार्जिलिंग आणि मनाली इथे या संस्था आहेत. दरवर्षी शासकीय वसतिगृहांतल्या आणि निवासी शाळांतल्या निवडक मुलामुलींचे शुल्क, प्रवास, बूट आणि विमा भरायला फार मोठी तरतूद लागत नाही. एका स्मारकाच्या भूमिपूजनाच्या मंडपाला त्याहून जास्त लागते. आणि नुसते एव्हरेस्टला पाठवून फोटो काढू नका. एव्हरेस्टवर पाच गेले की पाचच जातात. प्रशिक्षक म्हणून पाच तयार झाले तर दौंडच्या, शिरूरच्या, जतच्या, किनवटच्या शेकडो पोरांच्या कमरेला नीट गाठ बसेल. पहाटे शिट्टी घेऊन धावणाऱ्या त्या तरुणाला प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आणि विम्याचा कागद मिळाला तरी आम्ही म्हणू की सविताची आठवण कुणीतरी ठेवली.

हे सगळे आम्ही त्या गँगमन मित्रांना फोनवर सांगितले. आमचे बोलणे लांबले, त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "सर, शासनाचं होईल तेव्हा होईल. माझ्या पोरीचं सांगा." आम्ही म्हटले, भाऊ, धोका आहे. तुमच्या कामाला आहे तसाच आहे. पण तिथे तिला धोका ओळखायला शिकवतील. तिची गाठ दुसरा तपासेल आणि ती दुसऱ्याची तपासेल. प्राथमिक अभ्यासक्रमाला लगेच कोणी मोठ्या शिखरावर नेत नाही. आधी खडक, मग बर्फ, मग थोडी उंची. अंगात ताप असेल तर लपवू नको म्हणावे, आणि भीती वाटली तर प्रशिक्षकाला सांग म्हणावे. भीती वाटल्याचे सांगणाऱ्याला तिथे कमी लेखत नाहीत. यापेक्षा जास्त खात्री आम्ही देऊ शकत नाही.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे मनमाड मार्गावरच्या गाडीचा भोंगा ऐकू आला. मग मुलीने फोन घेतला. तिने विचारले, "सर, सविता मॅडम पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांच्या घरच्यांनी लगेच सही केली होती का?" आम्हाला ते माहीत नव्हते, तसे सांगितले. ती म्हणाली, "केली असंल, त्याशिवाय गेल्या कशा."

हमीपत्र अजून टेबलावरच आहे. फक्त आता ते उलटे ठेवलेले नाही, असे तिने कालच्या फोनवर सांगितले.